टारबोल्टन ही रील शोधताना: रेकॉर्डिंग कुठलं धरायचं, नोटेशन कुठलं मानायचं

आधी प्रश्न सांगतो. पुण्यात व्हायोलिन शिकणाऱ्या एकाने आयरिश पबमधली एक क्लिप ऐकली, त्यात तीन रील (रील म्हणजे जलद लयीची नाचाची ट्यून) सलग वाजवल्या होत्या. पहिलीचं नाव टारबोल्टन एवढं कळलं, म्हणून नेटवर शोधलं तर सात-आठ नोटेशनं सापडली आणि एकही दुसऱ्याशी धड जुळेना. तर यातलं खरं कुठलं, सगळ्यात जुनं रेकॉर्डिंग कुठलं आणि ते मिळवायचं कसं?

मी सोळा वर्षं डब्लिनला आहे, फिडल वाजवतो (फिडल म्हणजे व्हायोलिनच, वेगळं वाद्य नाही) आणि जुन्या तबकड्यांवरून ट्यून उतरवून घ्यायचं काम जवळजवळ तेवढीच वर्षं करतोय. माझं पहिलं सांगणं हेच की "खरं कुठलं" हा प्रश्न थोडा बाजूला ठेवा आणि त्याऐवजी "कोणी कुणाकडून ऐकलं" हे विचारा, कारण या संगीतात ट्यून कानाने पुढे गेलीय, कागद नंतर आला, आणि तुम्हाला सापडलेल्या प्रत्येक नोटेशनमागे कोणीतरी एक वाजवणारा आहे. तो वाजवणारा कोण ते कळलं की त्या सात-आठ नोटेशनांची भांडणं आपोआप मिटतात. आपल्याकडे एकच चीज दोन घराण्यांत वेगळी ऐकू आली तर आपण पाठभेद म्हणतो आणि कुणाची तालीम ते विचारतो ना, तसंच हे.

आता टारबोल्टन. तुमच्या क्लिपमधल्या पुढच्या दोन रील मी न ऐकताच सांगतो, दुसरी लाँगफर्ड कलेक्टर आणि तिसरी सेलर्स बॉनेट असणार. या तीन रील आज जगभर याच क्रमाने वाजतात आणि त्याचं कारण एक तबकडी आहे, मायकल कोलमन या फिडलवाल्याने १९३४ साली न्यूयॉर्कमध्ये डेका कंपनीसाठी वाजवलेली. कोलमन १८९१ सालचा, स्लायगो परगण्यातल्या किलाव्हिल भागातला, १९१४ ला अमेरिकेत गेला आणि १९४५ मध्ये न्यूयॉर्कलाच वारला. १९२१ ते १९३६ या काळात त्याने तबकड्या केल्या आणि त्या परत आयर्लंडला आल्या, कोणी पार्सलने पाठवल्या, कोणी सुट्टीला येताना घेऊन आलं, आणि ज्या घरात चावीचा ग्रामोफोन होता तिथे शेजारपाजारची माणसं जमून त्या ऐकायची. म्हणजे गावचा माणूस परदेशी गेला आणि त्याचं वाजवणं तबकडीवरून गावाला परत शिकायला मिळालं. इतकं की कित्येक भागातल्या वाजवणाऱ्यांनी आपली स्थानिक धाटणी सोडून कोलमनची धरली. याचं मला आजही वाईट वाटतं, पण ती तबकडी ऐकली की त्या लोकांनी असं का केलं हेही लगेच कळतं.

डेकाने अमेरिकेत १९३४ मध्येच धंदा सुरू केला होता आणि तबकडी पस्तीस सेंटला विकायची, बाकीच्या मोठ्या कंपन्यांच्या पाऊणशे सेंटला होत्या. मंदीचे दिवस होते, त्यामुळे या फरकाला फार अर्थ होता.

मग तुमच्यासाठी शोधाची सुरुवात इथून, १९३४ च्या या तबकडीपासून. तिच्या आधी स्कॉटलंड आहे, तिकडे नंतर येतो.

तबकडी शोधताना नावावर विसंबू नका, मॅट्रिक्स नंबर बघा. तबकडीच्या मधल्या लेबलच्या बाहेर, जिथे खाचा संपतात त्या गुळगुळीत पट्टीत एक नंबर कोरलेला किंवा दाबलेला असतो, दिवा तिरपा धरला तर दिसतो. तो त्या दिवशीच्या त्या रेकॉर्डिंगचा नंबर. लेबलवरचा मोठा कॅटलॉग नंबर वेगळा, तो विक्रीसाठीचा. तेच रेकॉर्डिंग नंतर दुसऱ्या देशात दुसऱ्या लेबलवर दुसऱ्या कॅटलॉग नंबरने निघायचं, पण मॅट्रिक्स नंबर बहुधा तोच राहायचा, त्यामुळे दोन तबकड्या म्हणजे दोन वेगळी रेकॉर्डिंगं की एकाच रेकॉर्डिंगच्या दोन आवृत्त्या हे फक्त त्यावरूनच कळतं. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांता बार्बरा कॅम्पसने जुन्या अमेरिकन रेकॉर्डिंगची एक प्रचंड सूची ऑनलाइन ठेवलीय, व्हिक्टर, कोलंबिया, ब्रन्सविक, डेका सगळं त्यात आहे, मॅट्रिक्स नंबर टाकला की तारीख, शहर, कोण वाजवतंय हे येतं. फुकट आहे. मी कुठल्याही कोलमन-मॉरिसन-किलोरनच्या ट्यूनसाठी आधी तिथेच जातो. (जेम्स मॉरिसन आणि पॅडी किलोरन हे कोलमनचेच समकालीन, तेही स्लायगोचे आणि तेही न्यूयॉर्कला गेलेले. ऐकाच.)

ऐकायला तबकडीच पाहिजे असं मुळीच नाही. कोलमनच्या रेकॉर्डिंगचा दोन भागांचा संच १९९२ मध्ये निघाला, हॅरी ब्रॅडशॉने तबकड्यांवरून आवाज साफ करून घेतलाय आणि सोबत जाडजूड पुस्तिका दिलीय. मिळाला तर तो घ्या. डब्लिनला कधी आलात तर मेरियन स्क्वेअरवर ७३ नंबरच्या इमारतीत आयरिश ट्रॅडिशनल म्युझिक आर्काइव्ह आहे, १९८७ मध्ये सुरू झालेलं, तिथे जाऊन फुकट ऐकता येतं. हेडफोन लावून बसायचं, वही पुढ्यात, आणि अडलं तर तिथली माणसं मनापासून मदत करतात. त्यांच्या वेबसाइटवरही भरपूर रेकॉर्डिंग आणि जुन्या पुस्तकांची स्कॅन केलेली पानं आहेत, पुण्यातून बघता येतील.

आता एक गफलत जी माझ्याकडून झाली होती आणि तुमच्याकडूनही होऊ शकते. सुरुवातीच्या काळात मी कोलमनची एक रील कॅसेटवरून उतरवत होतो, कॅसेट कोणीतरी कॅसेटवरूनच कॉपी केलेली. सगळे सूर एफमध्ये येत होते आणि बोटं काही केल्या सहज पडेनात, चार दिवस मी तसाच घासत बसलो. मग एका जागी मोकळ्या तारेचा आवाज घुमलेला ऐकू आला आणि लक्षात आलं की माणूस ईमध्येच वाजवतोय, टेपच अर्धा सूर वर चाललीय. अर्धा सूर म्हणजे वेगात जवळजवळ सहा टक्के. मिनिटाला अठ्ठ्याहत्तर वेढे घेणारी तबकडी साडेब्याऐंशीच्या आसपास फिरवली की बरोब्बर एवढा फरक पडतो, आणि जुन्या काळात, खास करून १९२५ च्या आधी भोंग्यात वाजवून केलेल्या रेकॉर्डिंगमध्ये, वेग सगळीकडे सारखा नसायचाच. म्हणून उतरवायला बसण्याआधी मोकळ्या तारा शोधा. फिडलवर जी, डी, ए, ई या चार तारा, त्या मोकळ्या वाजल्या की त्यांचा नाद दाबलेल्या सुरापेक्षा वेगळा, लांब आणि थोडा उघडा येतो. एकदा तो कानाला सापडला की वाजवणाऱ्याची बोटं कुठे आहेत ते कळतं, मग वेग ॲपमध्ये हलवून जागेवर आणा आणि मगच लिहायला घ्या. साथीच्या पियानोवरून पट्टी ठरवू नका, त्या काळच्या बऱ्याच आयरिश तबकड्यांवर पियानोवाल्याला ट्यूनच माहीत नसायची आणि हात भलत्याच कॉर्डवर पडायचे.

टारबोल्टन ई डोरियनमध्ये आहे. हे नाव ऐकून घाबरू नका, ई ला सा मानलं तर हा सरळ आपला काफी थाट, ग आणि नी कोमल, बाकी शुद्ध. पहिली ओळ मी सरगममध्ये सांगतो म्हणजे कानात बसेल. बार म्हणजे इथे आठ मात्रांचा एक तुकडा. पहिला बार: सा दोन मात्रा, मग प सा, नी सा प सा. दुसरा: सा दोन मात्रा, प सा, म रे, आणि मग खालचा नी, रे. तिसरा पहिल्यासारखाच. चौथा: प म प ध, नी म रे आणि खालचा नी. नी सगळीकडे कोमलच, आणि खालचा म्हणजे मंद्र. गाऊन बघा, सा कडे सारखं परत येणं हा या रीलचा जीव आहे, आणि मंद्र नी वर जरा टेकून पुन्हा सा पकडणं.

हे एवढ्यासाठी सांगितलं की शोधायला हीच ओळ लागते. आयरिश ट्यूनच्या नावाचा काही भरवसा नाही. एकाच ट्यूनला पाच नावं असतात आणि एकाच नावाच्या तीन ट्यून असतात, अमक्याची फेव्हरिट म्हणजे ती अमक्याकडून ऐकली एवढाच अर्थ, त्याने केली असं नव्हे. अल्बमच्या पाठीमागे 'गान अनम' लिहिलेलं दिसलं तर ते ट्यूनचं नाव समजून शोधत बसू नका, आयरिशमध्ये त्याचा अर्थ 'नाव नाही' असा आहे, नवे लोक हटकून त्यात फसतात. शिवाय तबकडीच्या लेबलवर नाव छापणाऱ्याला संगीत कळत असेलच असं नाही, माझ्याकडे एका नंतरच्या सीडीवर दोन रीलची नावं चक्क उलटसुलट छापलीत आणि त्यावरून शिकलेले लोक अजून ती उलटीच सांगतात.

म्हणून सुरावरून शोधायचं. ब्रेंडान ब्रानाख नावाचा एक मोठा संग्राहक होऊन गेला (१९१२ ते १९८५), त्याने हजारो नाचाच्या ट्यून कार्डांवर लिहून ठेवल्या आणि त्यांची सूची नावावरून न करता सुरुवातीच्या बारांतल्या ठोक्यावरच्या सुरांवरून केली. कल्पना साधी आहे. मधले भरीचे सूर वाजवणाऱ्यागणिक बदलतात, ठोक्यावरचे सहसा बदलत नाहीत. टारबोल्टनला मी हे लावतो तेव्हा पहिल्या दोन बारांत सा प नी प, सा प म नी एवढाच सांगाडा उरतो. आता तुमची ती सात-आठ नोटेशनं घ्या आणि प्रत्येकाचे फक्त हे आठ सूर काढून बघा, मला खात्री आहे की निम्म्याहून जास्त तिथेच जुळतील आणि जी वेगळी वाटत होती ती फक्त भरीत वेगळी आहेत हे दिसेल. जे तरीही जुळणार नाही ते बाजूला काढून ठेवा, तेच पुढे कामाचं ठरतं, कारण ते कोलमनच्या साखळीतलं नसण्याची शक्यता असते.

ऑनलाइन शोधायला ट्यूनपाल नावाचं ॲप आहे, डब्लिनमध्येच तयार झालेलं, त्याला वाजवून दाखवलं की ते ट्यून ओळखतं. बासरीवर किंवा व्हायोलिनवर एक सूर एक सूर साधं वाजवा, मींड-गमक नको, बरंच अचूक येतं. मग द सेशन या साइटवर प्रत्येक ट्यूनच्या पानावर दुसरी नावं, कुठल्या कुठल्या अल्बमवर आहे त्याची यादी आणि लोकांनी टाकलेली नोटेशनं मिळतात, एबीसी पद्धतीत, म्हणजे सुरांची अक्षरं ओळीने टाइप केलेली, ख्रिस वॉल्शॉने नव्वदीच्या दशकात प्रचारात आणलेली पद्धत. तुम्हाला सापडलेली बरीच नोटेशनं बहुतेक तिथलीच असणार. ती वाचताना एकच बघा, टाकणाऱ्याने कुणाकडून घेतली ते लिहिलंय का. "कोलमनच्या तबकडीवरून, दुसरी फेरी" असं लिहिलं असेल (फेरी म्हणजे ट्यून एकदा पूर्ण वाजवणं) तर ते सोनं आहे. काहीच लिहिलं नसेल तर ती त्या माणसाला आठवते तशी ट्यून आहे, वाजवायला चालेल, पुरावा म्हणून चालणार नाही.

छापील पुस्तकांकडे वळायचं तर फ्रान्सिस ओनीलचं नाव सगळ्यात आधी येतं. हा कॉर्क परगण्यातला, १८४८ चा जन्म, लहानपणी घर सोडून जहाजावर गेला, फिरत फिरत शिकागोला पोचला आणि १९०१ ते १९०५ तिथला पोलीस प्रमुख होता. शिकागोत आयर्लंडच्या सगळ्या परगण्यांतली माणसं, त्यातले कितीतरी याच्याच पोलीस दलात, त्यांच्याकडून याने ट्यून गोळा केल्या. स्वतः बासरी वाजवायचा पण नोटेशन लिहायचं काम जेम्स ओनील करायचा, आडनाव एक असलं तरी नात्यातला नाही. १९०३ मध्ये १८५० ट्यूनचं पुस्तक काढलं, १९०७ मध्ये फक्त नाचाच्या १००१ ट्यूनचं. सेशनला (म्हणजे पबमध्ये वगैरे जमून एकत्र वाजवतात तिथे) येणारे बुजुर्ग त्या दुसऱ्याला नुसतं 'द बुक' म्हणतात. मला ओनीलबद्दल वाचताना नेहमी भातखंड्यांची आठवण येते, इकडे एक पोलीस अधिकारी, तिकडे एक वकील, दोघांनी वाजवणाऱ्या-गाणाऱ्यांच्या तोंडून, हातातून जे मिळेल ते कागदावर आणलं, दोघांवर लोकांनी चुका काढल्या, आणि दोघं गेलेही एकाच वर्षी, १९३६ ला.

पण ओनील वाचताना लक्षात ठेवा की तो फक्त सांगाडा आहे. एक फेरी, बो कुठे कशी फिरवायची त्याच्या खुणा नाहीत, अलंकार जवळजवळ नाहीत. १९६३ ला ब्रानाखचा 'क्योल रिंक ना हेरन' या मालिकेचा पहिला भाग आला तिथून चित्र बदललं, त्यात ट्यून कुणाच्या वाजवण्यावरून घेतली ते दिलंय, टिपा आहेत, दुसरी नावं आहेत. टिपा आयरिश भाषेत आहेत, आता भाषांतर करून वाचता येतात, वाचाच, कारण साखळीतले कितीतरी दुवे त्या टिपांमध्येच आहेत.

आणि स्कॉटलंडचं म्हटलं होतं ते. रील हा प्रकारच आयर्लंडमध्ये स्कॉटलंडहून आला, अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात, त्यामुळे ज्या रील फार जुन्या आयरिश वाटतात त्यातल्या बऱ्याच तिकडच्या निघतात. मिस मॅक्लाउड्स रील इथे पोरासोरांना येते, ती १८०९ साली गाओ या स्कॉटिश फिडलवाल्या घराण्याच्या पाचव्या संग्रहात मिसेस मॅक्लाउड ऑफ रासे म्हणून छापलेली आहे. फेअरी रील म्हणून जी वाजते ती नॅथनिएल गाओची १८०२ ची. रेकिश पॅडी म्हणजे मुळात काबर फे ही स्कॉटिश ट्यून. टारबोल्टनचं तर नावच सांगतंय, टारबोल्टन हे स्कॉटलंडच्या एअरशरमधलं गाव, कवी रॉबर्ट बर्न्स १७८१ मध्ये तिथेच फ्रीमेसन या बंधुसंघाचा सभासद झाला, आणि रीलचं पूर्ण नावही टारबोल्टन लॉज असंच आहे, लॉज म्हणजे फ्रीमेसनची स्थानिक शाखा. आयर्लंडमध्ये येता येता लॉज गळून पडलं. म्हणून कोलमनच्या मागे जायचं असेल तर शोधताना हे पूर्ण नाव टाका आणि आयरिश नव्हे तर स्कॉटिश फिडलचे संग्रह चाळा, स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने शेकडो जुने संग्रह स्कॅन करून ठेवलेत. फ्लाइशमनचा दोन खंडांचा कोश पण माहीत असू द्या, १९९८ चा, साधारण १६०० ते १८५५ पर्यंत छापलेल्या-लिहिलेल्या ६८४१ ट्यून त्यात सुरुवातीच्या सुरांसकट आहेत, पण १८५५ नंतरचं काही त्यात मिळणार नाही.

स्कॉटिश पान सापडलं की लोकांना वाटतं चला, मूळ मिळालं, आता हेच बरोबर. मला ते पटत नाही. त्या पानावरून जसंच्या तसं वाजवून डब्लिनच्या सेशनमध्ये बसलात तर लोक प्रेमाने ऐकतील पण तुमच्यासोबत वाजवू शकणार नाहीत, कारण इथे वाजते ती कोलमनच्या हातातून गेलेली. ते पान कोलमनच्या आधी काय होतं ते सांगतं आणि मग कोलमनने काय केलं ते दिसतं, त्याची किंमत त्यात आहे.

आता उतरवायचं कसं. दहा इंची तबकडीवर तीन मिनिटांच्या आसपास जागा. रील म्हणजे आठ बारांचे दोन भाग, प्रत्येक दोनदा, असे बत्तीस बार, सेशनच्या साधारण वेगात एक फेरी पस्तीस सेकंदांच्या आतबाहेर जाते, म्हणजे एका बाजूला पाचेक फेऱ्या बसतात आणि तेवढ्यात तीन रील संपवायच्या. म्हणून प्रत्येक फेरी मोलाची आहे, आणि कोलमन एकही फेरी दुसरीसारखी वाजवत नाही. तुम्ही पहिली फेरी लिहून "पुढे तसंच" असं करू नका. प्रत्येक फेरी वेगळ्या ओळीवर, एकाखाली एक, बार खाली बार येईल असं लिहा. वेग सत्तर टक्क्यांवर आणा, त्याहून फार खाली नेला तर लय विस्कटते आणि अलंकार वेगळेच ऐकू येतात. आधी ठोक्यावरचे सूर लिहा, मग भर, आणि अलंकार सगळ्यात शेवटी. सुरुवातीचा दोन मात्रांचा सा नीट ऐका, तिथे वाजवणारे कधी रोल घेतात, म्हणजे मूळ सूर, वरचा जेमतेम टेकवून परत मूळ, खालचा टेकवून परत मूळ, आपल्या मुरकीच्या जवळचं पण बोट खूप हलकं, आणि कधी बोच्या छोट्या झटक्यांनी त्याच सुराचे तीन तुकडे करतात. दोन्हींचं नोटेशन पुष्कळदा नुसतं दोन मात्रांचा सा असंच दिसतं. कागद इथे काही मदत करत नाही, कान करतो.

तुमची हिंदुस्थानी तालीम झाली असेल तर एक अडचण येईल, बो लांब ओढायची आणि सुरातून सुरात घसरायची सवय. रीलमध्ये लय बोच्या दिशाबदलात असते. बारातले आठही सूर कागदावर सारखे दिसतात पण कोणी सारखे वाजवत नाही, पहिला किंचित लांब, दुसरा किंचित आखूड, आणि किती किंचित ते माणसागणिक, परगण्यागणिक वेगळं. हे लिहिता येत नाही म्हणून कोणी लिहिलेलं नाही.

तेव्हा तुमच्या त्या सात-आठ नोटेशनांपैकी ज्यावर कोलमनचं नाव आहे ते एक ठेवा, आठ सुरांच्या चाळणीत जे बसलं नाही ते एक ठेवा, बाकीची सध्या बंद करा. १९३४ चं रेकॉर्डिंग मिळवा आणि आठवडाभर व्हायोलिनला हात न लावता फक्त ऐका, टारबोल्टनचा दुसरा भाग गुणगुणता आला की मग पेन्सिल उचला. आणि जी ओळ अडेल ती सरगममध्ये लिहून मला पाठवा, कुठल्या सेकंदाला आहे ते पण लिहा, मी माझ्या वहीतल्या फेऱ्यांशी ताडून सांगतो.